तेल घालणं आणि तेल काढणं : मंद्रूपच्या अंगणातला पहिला ऑईल चेंज

(या भागाचं हे लेखी रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे. बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा भाग नेहमीच्या खोलीत बसून केलेला नाही. मंद्रूपला, आमच्या घराच्या अंगणात केलाय. त्यामुळे मध्येच म्हैस ओरडली, किंवा लांबून विजापूर रोडवरच्या ट्रकचा हॉर्न आला, तर समजून घ्या.

झालं असं, की माझ्या पुतण्याने नवी मोटारसायकल घेतली. साधी शंभर सीसीची. गाडी घरी येऊन तीन आठवडे झाले, काटा साडेचारशे किलोमीटरवर आला आणि घरात वाद सुरू झाला. पुतण्या म्हणतो, पहिलं ऑईल मी घरीच बदलणार. त्याचे वडील, म्हणजे माझे दादा, म्हणतात, "कूपन फुकट आहे, सोलापूरला टाक शोरूमला. वॉरंटी गेली तर तू भरून देणार का?" आणि खाटेवर बसलेले अण्णा, आमचे वडील, वय वर्षं ब्याऐंशी, ते दोघांचं ऐकून एवढंच म्हणाले, "तेल काढणार असशील तर मला दाखवून काढ."

अण्णांच्या त्या वाक्यामागे एक जुनी गोष्ट आहे. तिच्यावर येतोच. पण मला या वादात दुसरंच काही दिसलं. "ऑईल बदलणं" ही कल्पना आपल्याला इतकी सवयीची झालीय, की ती नवी आहे हे आपण विसरलो. आपल्या गावांत हजारो वर्षं यंत्रांना, चाकांना तेल *घातलं* जायचं. तेल *काढायचं* आणि फेकून द्यायचं, हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं. त्या बदलाचा इतिहास आज बघू.

सुरुवात बैलगाडीपासून. वंगण हा शब्द आज आपण ग्रीससाठी वापरतो, पण तो मूळचा गाडीवानाचा शब्द. लोखंडी आसावर चाक फिरतं, तिथे घर्षण होतं, म्हणून तिथे वंगण. तेल, बहुतेकदा एरंडेल, त्यात काहीतरी जाळून केलेली काजळी किंवा राख घालून दाट केलेलं. गाडीखाली त्याची नळी लटकलेली असायची. अण्णा सांगतात, संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला निघायचं तर आदल्या दिवशी चाकं उतरवून वंगण घालायचं. नाही घातलं तर सोलापूर येईपर्यंत गाडी कुरकुरत राहणार आणि बैलांच्या खांद्यावर ओझं येणार. आमच्याकडे सीमेलगत अर्धं गाव कानडी बोलतं, त्यांच्या तोंडी तेलाला 'एण्णी'. शब्द दोन, पण रीत एकच. तेल संपलं की आणखी घाला. आधीचं कुठे गेलं हा प्रश्नच नाही. ते ओघळलं, वाळलं, धुळीत गेलं.

मोटेच्या चाकाचंही तेच. शिवणयंत्राचंही तेच. सोलापूरच्या कापडगिरण्यांत सांच्यांना तेल घालणारे कामगार होते, त्यांचंही काम घालण्याचंच. हातात चोचीची तेलाची बुदली, आणि जिथे आवाज येईल तिथे दोन थेंब.

आणि हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. युरोप-अमेरिकेतली पहिली पेट्रोल इंजिनंसुद्धा याच रीतीने चालायची. तेलाचा एक छोटा डबा, त्यातून थेंब थेंब तेल इंजिनात पडायचं, पिस्टनला लागायचं, थोडं जळायचं, उरलेलं रस्त्यावर. तेल एकदाच वापरायचं. पहिल्या महायुद्धातली कित्येक विमानं तर चक्क एरंडेलावर उडाली. त्यांचं अख्खं इंजिन पंख्याबरोबर गरगर फिरायचं आणि वापरलेलं एरंडेल मागे उडवत जायचं. तेच एरंडेल, जे आमच्या गाडीच्या नळीत होतं! चार्ल्स वेकफील्ड नावाच्या माणसाने १८९९ साली इंग्लंडमध्ये तेलाची कंपनी काढली आणि १९०९ मध्ये एरंडेल मिसळलेलं मोटारतेल बाजारात आणलं. एरंडाला इंग्रजीत कॅस्टर म्हणतात, त्यावरून तेलाचं नाव ठेवलं कॅस्ट्रॉल. पुतण्याने आणलेल्या बाटलीवर हे नाव नाही, पण गावातल्या प्रत्येक गॅरेजच्या भिंतीवर आहे.

मग इंजिनाच्या तळाशी तेलाची टाकी आली. तेच तेल पुन्हा पुन्हा वर जाऊन खाली येऊ लागलं. इथे गणित बदललं. तेल आता वाया जात नव्हतं, पण जे काही झिजत होतं ते सगळं त्या तेलातच राहत होतं. घाण बाहेर जायची वाटच बंद. म्हणून तेल काढून टाकायची वेळ आली. इंजिनाच्या तेलाला गाळणी लावायची कल्पनासुद्धा नंतरची. १९२३ मध्ये अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड आणि त्याच्या भागीदाराने मोटारीसाठी तेलगाळणी काढली आणि तिला प्युरोलेटर म्हटलं. तोवर तेल किती दाट हे ठरवायला आकडे आले होते. अमेरिकेतल्या मोटार इंजिनियरांच्या संस्थेने, एसएईने, १९११ पासून ते काम सुरू केलं. आज बाटलीवर १०डब्ल्यू-३० लिहिलेलं असतं, त्याची सुरुवात तिथली.

आता आपण परत आपल्याकडे येऊ. मंद्रूपमध्ये हा "काढून टाकायचा" विचार कशातून आला? मोटारीतून नाही. मोटार होती कुणाकडे? गंमत बघा, भारतात मोटारी बनवायला निघालेल्या पहिल्या दोन-तीन माणसांपैकी एक सोलापूरचा. वालचंद हिराचंद, जन्म सोलापूर, १८८२. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली, कारखाना कुर्ल्याला. पण त्या कारखान्यातली गाडी सोलापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याने बघायची ती तालुक्याच्या साहेबाच्या किंवा डॉक्टरच्या दारात.

स्कूटरमधूनही नाही. इथे जरा थांबतो, कारण हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाची गाडी म्हणजे बजाजची स्कूटर. आकुर्डीला १९६० च्या दशकात पियाज्योच्या परवान्यावर व्हेस्पा बनू लागली, परवाना संपल्यावर १९७२ मध्ये चेतक आली. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. त्याच वर्षी पुण्याच्या कायनेटिकने लुना आणली. गावाकडे राजदूत आणि येझदी. आता या सगळ्यांत समान काय? या सगळ्या टू-स्ट्रोक. टू-स्ट्रोक इंजिनाला तळाशी तेलाची टाकी नसते. तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं, ते पेट्रोलबरोबर जळून निळा धूर होऊन जातं. पंपावरचा माणूस मापट्याने तेल ओतायचा, आठवतंय? नवी गाडी असेल तर पहिले काही दिवस तेलाचं प्रमाण थोडं जास्त ठेवायचं, म्हणजे "रनिंग". गिअरचं तेल असायचं, ते कधीतरी बदलायचं, पण इंजिनाचं ऑईल काढून टाकणं हा प्रकारच नव्हता. म्हणजे चेतकवाला आणि बैलगाडीवाला, दोघेही एकाच पंथाचे. तेल घाला, संपलं की आणखी घाला. मद्रासमध्ये १९५५ पासून बनणारी बुलेट फोर-स्ट्रोक होती खरी, पण ती पोलिसपाटलाच्याही आवाक्यात नव्हती.

मग मंद्रूपला पहिलं काळं तेल कुठे दिसलं? विहिरीवर.

डिझेल इंजिनाचा इतिहास तर आपल्या घरचाच. साताऱ्याला धनजीशा कूपर यांचा कारखाना, १९२२ सालचा. नांगरापासून सुरुवात आणि १९३० च्या दशकात भारतीय बनावटीचं डिझेल इंजिन. हेच कूपर १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान, तेव्हा मुख्यमंत्र्यांना प्रांताचे पंतप्रधानच म्हणायचे, चारेक महिने का होईना. इंजिन बनवणारा माणूस राज्य चालवायला बसला, हा योग नंतर फारसा आला नाही. मग १९४६ मध्ये पुण्याला किर्लोस्कर ऑईल इंजिन्स. आणि राजकोटच्या कारखान्यांतून इंग्लंडच्या लिस्टर इंजिनाच्या नकला, मोठी दोन चाकं असलेल्या, मिनिटाला साडेसहाशे फेरे घेत ठुक-ठुक-ठुक करणाऱ्या.

१९७२ च्या दुष्काळाने सोलापूर जिल्ह्याचं काय झालं ते नव्याने सांगायला नको. विहिरी तळाला गेल्या, लोक खडी फोडायला गेले. त्यानंतर विहिरी खोल करण्याची लाट आली, आणि खोल विहिरीवर मोट चालेना. आमच्या आजोबांनी दुष्काळ सरल्यावर कर्ज काढून इंजिन घेतलं. पाच हॉर्सपॉवर. कुणाचं ते सांगत नाही, त्यात कंपनीचा दोष नव्हताच.

फिटर येऊन इंजिन बसवून गेला. जाताना सांगून गेला, "सुरुवातीचं तेल लवकर काढून टाका, त्यात लोखंडाचा चुरा असतो. मग पुढे ठरलेल्या तासांनी काढत जा." अण्णा तेव्हा तिशीत, त्यांनी ते ऐकलं. तेवढे तास भरल्यावर बोल्ट काढला, खाली घमेलं धरलं. तेल आलं. काळपट, पण तेलच. हाताला बुळबुळीत, दोन बोटांत ताणलं तर तार धरणारं.

आजोबा बघत उभे होते. त्यांनी विचारलं, "हे आता कुठं टाकणार?"

अण्णा म्हणाले, "फेकायचं."

"चांगलं तेल कोण फेकतंय?"

आता तुम्ही-आम्ही हसू. पण त्या माणसाच्या जागी उभं राहून बघा. उभ्या आयुष्यात त्याने तेल फक्त घातलं होतं. देवापुढे घातलं, चाकाला घातलं, नातवाच्या टाळूवर घातलं. दोन वर्षांपूर्वी घरात फोडणीला तेल नव्हतं. आणि कुणीतरी सोलापूरहून येऊन सांगतो, डबाभर तेल मातीत ओत. आजोबांनी धोतराची चौपदरी घडी केली, त्यातून ते तेल गाळलं, आणि परत इंजिनात ओतलं. पुढची दोन वर्षं हेच. कमी झालं की वरून थोडं नवं.

आता कापडातून काय गाळलं जातं? डोळ्याला दिसतो तो कण. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, म्हणजे मिलिमीटरचा चौदावा भाग. बेअरिंग आणि शाफ्ट यांच्यामध्ये तेलाचा जो पापुद्रा असतो तो काही मायक्रॉनचा. त्याला घातक ठरतात ते दहा-वीस मायक्रॉनचे कण, धोतरातून वाऱ्यासारखे निघून जाणारे. आणि त्या धाटणीच्या इंजिनांत तेलाला नीटशी गाळणीच नव्हती. कनेक्टिंग रॉडच्या टोकाची पळी तळाच्या तेलात बुडायची आणि सगळीकडे शिंतोडे उडवायची. तळाशी चुरा असला तर चुराही उडायचा.

तिसऱ्या उन्हाळ्यात, शेतात भुईमूग उभा असताना, इंजिनाने दम सोडला. आधी पांढरा-निळा धूर, मग हँडल मारून मारून खांदे गेले तरी पकड धरेना. फिटर तिसऱ्या दिवशी आला. लायनर झिजलेलं, रिंगा गेलेल्या, बेअरिंग गेलेलं. दुरुस्तीला पैसे नव्हते. जोडीतला एक बैल विकला. तोवर भुईमूग वाळून गेला तो गेलाच.

प्रामाणिकपणे सांगायचं तर सगळा दोष त्या धोतरातून गाळलेल्या तेलाला देणं मला पटत नाही. आमच्याकडची काळ्या मातीची धूळ काय कमी आहे? हवेची गाळणी कुणी कधी धुतली असेल का, शंका आहे. इंजिन बहुतेक दोन्हींनी मिळून खाल्लं. पण अण्णांच्या मनात मात्र ते तेलच बसलंय. बैल विकला त्या दिवसाची तारीख ते सांगत नाहीत, बैलाचं नावही सांगत नाहीत. "तेल काढणार असशील तर मला दाखवून काढ" हे वाक्य तिथून आलेलं आहे.

तर गावोगाव हे शिक्षण असं झालं. कुणाचं इंजिन गेलं, कुणाचं वाचलं, त्यावरून बाकीचे शिकले. ट्रॅक्टर आले तसे ते ज्ञान पक्कं झालं. अर्धं गाव स्वतः बोल्ट काढून तेल बदलू शकायचं, कारण फिटर येईपर्यंत पिकाला दम नसायचा. आणि मग हळूहळू ते विसरलंही गेलं. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झालं, पुढच्या दोन-तीन दशकांत विहिरींवर वीज आली, विजेच्या मोटारी आल्या. भीमेवर उजनी झालं, पाण्याचं चित्र पालटलं. डिझेल इंजिन गोठ्यात गेलं. विजेच्या मोटारीला ऑईल बदलायचं नसतं, ती जळली की रिवायंडिंगला न्यायची. एका पिढीत आलेलं हातातलं कसब दुसऱ्या पिढीत गेलं.

आणि नेमकी तेव्हाच फोर-स्ट्रोक मोटारसायकल आली. १९८५, हिरो होंडा सीडी १००. त्या सुमारास जपानी कंपन्यांबरोबर आलेल्या बाकीच्या गाड्या, यामाहाची आरएक्स १००, सुझुकी, कावासाकी, सुरुवातीला सगळ्या टू-स्ट्रोक. होंडाची तेवढी वेगळी. जाहिरात आठवत असेल, "फिल इट, शट इट, फर्गेट इट". भरा, बंद करा, विसरा. ते पेट्रोलबद्दल होतं, लिटरला ऐंशी किलोमीटर वगैरे. पण इंजिनाबद्दलही लोकांनी तेच ऐकलं असं मला वाटतं. कारण या गाडीत प्रथमच सामान्य घराच्या दारात अशी वस्तू आली जिच्या पोटात तेल साठून राहतं, काळं होतं, आणि काढावं लागतं. ज्याने आयुष्यभर लुना चालवली त्याला कोण सांगणार? त्याचं उत्तर कंपनीने दिलं ते म्हणजे कूपन. पहिली सर्व्हिस फुकट, दुसरी फुकट. तुम्ही काही करू नका, गाडी आणून द्या.

कूपनाला मी नावं ठेवत नाही. त्या कूपनांनी लाखो इंजिनं वाचवली असतील. पण त्याबरोबर एक गोष्ट गेली. पहिल्या तेलात काय येतं ते मालकाने बघायचं राहून गेलं. गाडी आत जाते, आपण बाहेर खुर्चीत बसतो, चहा पितो, गाडी धुऊन परत येते. कुणी बघितलंय आत तेल खरंच बदललं का?

दादांचा वॉरंटीचा मुद्दा मात्र खरा आहे, तो उडवून लावण्यासारखा नाही. २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे अडीच हजार कोटींचा दंड सुनावला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजला मिळू देत नाहीत, आणि बाहेर दुरुस्ती केली की सरसकट वॉरंटी रद्द म्हणतात, यावर आयोगाचा आक्षेप होता. त्यावर पुढे कोर्टबाजी झाली. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने "दुरुस्तीचा हक्क" या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षाअखेरीस पोर्टलही काढलं. म्हणजे वारं त्या दिशेने आहे. पण आदेश होता मोटारींच्या कंपन्यांवर. आपल्या हातातल्या मोटारसायकलच्या पुस्तिकेत "ठरलेली सर्व्हिस अधिकृत ठिकाणी" असं छापलं असेल, तर उद्या इंजिनात बिघाड झाल्यावर भांडायला आपणच उभे राहणार आहोत. म्हणून आम्ही मधला मार्ग काढला. घरी आत्ता बदलायचं, आणि कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरला, सांगितलेल्या दिवसांच्या आत, शोरूमला जाऊन कूपनावर शिक्काही घ्यायचा. तेल दोनदा जाईल, तीन-चारशे रुपये जास्त. दादा म्हणाले, "हौसेला मोल नाही." पण नको म्हणाले नाहीत.

इतक्या लवकर बदलणं गरजेचं आहे का? मला विचाराल तर आजच्या इंजिनाला बहुधा नाही. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर मुद्दाम बारीक तिरक्या रेघा मारलेल्या असतात, त्यांची टोकं पिस्टनच्या रिंगा घासून गुळगुळीत करतात. तो चुरा पहिल्या शेकडो किलोमीटरमध्ये तेलात उतरतो. पूर्वी घडाई ओबडधोबड होती म्हणून चुरा जास्त. इंग्लंडमध्ये नव्या मोटारीच्या मागच्या काचेवर पाटी लावायचे, गाडी रनिंगमध्ये आहे, पुढे जा. आज कित्येक मोटारींना पहिलं तेल थेट दहा हजार किलोमीटरला बदलायला सांगतात. मोटारसायकलचं तसं नाही, कारण तिच्यात इंजिन, गिअर आणि क्लच एकाच तेलात पोहतात. गिअरचा चुराही त्याच तेलात. म्हणून तिला पहिला बदल लवकर.

आणि म्हणूनच मोटारीचं तेल मोटारसायकलला घालायचं नाही. त्यात घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, ओला क्लच घसरायला लागतो. जपानने त्यासाठी १९९० च्या दशकाच्या शेवटी वेगळं मानक काढलं, जेएएसओ. बाटलीवर एमए किंवा एमए२ बघायचं. पुतण्याने दोनदा बघितलं.

वाचण्यावरून आठवलं. इथून जवळच, भीमा आणि सीना जिथे मिळतात त्या हत्तरसंग-कुडलला, संगमेश्वराच्या देवळात शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे. सोलापूरचे आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. त्याच्या शेवटी वाचणाऱ्याचा विजय होईल असा आशीर्वाद आहे. हजार वर्षांपूर्वी या भागातल्या कुणीतरी वाचणाऱ्याला आशीर्वाद दिलाय, आणि आम्ही गाडीबरोबर आलेली पुस्तिका प्लॅस्टिकमधून काढत नाही. पुतण्याने काढली. तेल किती घालायचं ते त्यात होतं.

तर काल सकाळी काम झालं. गाडी पाच मिनिटं चालवून गरम केली, कारण गरम तेल पातळ होतं आणि तळाची घाण घेऊन येतं. मेन स्टँडवर, सपाट फरशीवर. खाली जुनं घमेलं. सतराचा पाना लावला. पुतण्याने जोर लावायला सुरुवात केली तर अण्णा खाटेवरून, "उलटा फिरवतोयस!" खालून बघताना उजवं-डावं उलटं होतं, सगळ्यांचं होतं. तेवढ्यात आणखी जोर लागला असता तर अ‍ॅल्युमिनियमच्या केसिंगचे आटे गेले असते, आणि मग हौसेला चांगलंच मोल पडलं असतं.

बोल्ट निघाला, तेल आलं. अण्णा काठी टेकत येऊन स्टुलावर बसले. पुतण्याने थोडं तेल स्टीलच्या ताटलीत घेतलं आणि उन्हात धरलं. तेल काळं नव्हतंच, मधासारखं, जरा धुरकट. पण ताटली हलवली की आत बारीक चांदी चमकायची, भांडं घासायच्या पावडरीसारखी. दादाही वाकून बघायला लागले. त्यांनी याआधी तीन गाड्या वापरल्या आहेत, हे कधी बघितलं नव्हतं. अण्णांनी दोन बोटांत तेल घेतलं, चोळलं, धोतराला पुसलं.

तासभर थेंब थेंब गळू दिलं. वॉशर नवा घातला, बोल्ट हाताने फिरवत नेला, शेवटी पान्याने बेताचा आवळला. नवं तेल पुस्तिकेत लिहिलंय तेवढंच, बाटली ९०० मिलीची म्हणून सगळी ओतली नाही. दोन-तीन मिनिटं गाडी चालू ठेवली, बंद केली, थोडं थांबून काडी बघितली. या गाडीत काडी आट्यांत फिरवायची नाही, नुसती टेकवून माप घ्यायचं. दुसऱ्या गाडीत वेगळं असू शकतं, आपापलं बघा. रिकाम्या बाटलीचं बूड कापून टाकलं. चांगल्या नावाच्या रिकाम्या बाटल्या विकत घेऊन त्यांत भलतंच भरणारे लोक आहेत.

राहिलं ते जुनं तेल. इथे पुन्हा वाद. अण्णा म्हणाले, गोठ्याच्या मेढींना लावा, वाळवी लागत नाही. गावात सगळे तेच करतात. पण त्यात धातू आहे, जळकं रसायन आहे, आणि गुरं मेढीला अंग घासतात. ओढ्यात ओतणं तर नकोच, आमच्या विहिरीचं पाणी तिथूनच येतं. वापरलेलं तेल १९८९ पासून आपल्या कायद्यात घातक कचऱ्यात मोडतं, ते नोंदणी असलेल्या पुनर्वापरवाल्याकडे जायला हवं. मंद्रूपला तसा कुणी नाही. शेवटी तेल कॅनमध्ये भरलं, वर "जुने तेल" असं लिहिलं, आणि ठरवलं की पुढच्या सर्व्हिसला शोरूमला जाताना बरोबर न्यायचं. तिथे पिंपात जमा करतात आणि पिंप भरलं की गाडी येऊन नेते.

अण्णा त्या कॅनकडे बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "तेव्हा एवढं दिसलं असतं, तर तुझा आजोबा ऐकला असता. तो बघितल्याशिवाय काही मानायचा नाही." आणि ताटली धुवायला न्यायला लागलेल्या पुतण्याला थांबवून म्हणाले, राहू दे, शेजारच्यांनाही बघू दे.

ताटली अजून तुळशीकट्ट्यावर आहे. सकाळपासून सात-आठ जण वाकून बघून गेलेत.

पुढच्या भागात याच विजापूर रोडबद्दल बोलू.